डोंगरवाटेचा मालक कोण?

एरंडोल हे तीन डोंगररांगांच्या मधोमध वसलेले गाव आहे. उत्तरेला तापी ओलांडली की चोपडा-यावलच्या पलीकडे सातपुडा, दक्षिणेला चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या माथ्यावर उभी असलेली अजिंठा-सातमाळ्याची रांग, आणि पश्चिमेला धुळे-साक्रीच्या वाटेने बागलाणात उतरले की सह्याद्रीचे उत्तर टोक. तरीही जिनिंगमध्ये किंवा बाजार समितीच्या आवारात राबणाऱ्या माणसाचा डोंगराशी येणारा संबंध चतुर्थीला पद्मालयाची टेकडी पायी गाठण्यापलीकडे सहसा जात नाही. डोंगर त्याच्यापासून दूर गेलेला नाही. डोंगरावर जाण्याची सोय मात्र बाजारात विक्रीला मांडली गेली आहे. वाहन, जेवण, तंबू आणि वाटाड्या यांची एकत्र मोळी बांधून तिची किंमत ठरवली जाते. ज्याच्या खिशात ती किंमत आहे तो गिर्यारोहक ठरतो, आणि ज्याच्या खिशात नाही तो रविवारी घरी बसतो.

या प्रश्नाकडे समाजवादी कार्यकर्त्यांनी आजवर पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही. डोंगर चढणे हा पोट भरलेल्यांचा छंद आहे, पाणी, वेतन आणि शेतमालाचा भाव हे प्रश्न सोडून पक्षाने त्यात का पडावे, असा सवाल अनेक तालुका बैठकांतून ऐकू येतो. हा सवाल वरवर कडक वाटतो, पण त्याच्या मुळाशी एक जुनी मालकशाही समजूत लपलेली आहे. कामगाराला श्रम पुरेत, विरंगुळा हा त्याचा विषय नव्हे, अशी ती समजूत होय. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली, तेव्हा गिरणीमालकांचा युक्तिवाद याहून वेगळा नव्हता. सुट्टी मिळवणे हा लढ्याचा विषय होऊ शकतो, तर त्या सुट्टीत माणसाने कोठे जावे आणि तेथे त्याला कोण अडवतो, हाही लढ्याचाच विषय आहे.

इंग्लंडमधील कामगारांनी हे फार पूर्वी ओळखले होते. मँचेस्टरच्या गिरण्यांतून आठवडाभर धूर गिळणाऱ्या तरुणांना समोरच्या माळरानावर पाऊल ठेवण्यास मनाई होती, कारण जमीनदारांनी ते रान पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवले होते. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या कामगार कार्यकर्त्याच्या पुढाकाराने शेकडो लोक किंडर स्काउट या पठारावर उघडउघड घुसले. त्यांच्यापैकी पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ साली त्या देशात राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागातील प्रवेश यांविषयीचा कायदा झाला, आणि २००० साली उघड्या माळरानांवर पायी फिरण्याचा हक्क इंग्लंड व वेल्समध्ये कायद्याने मान्य झाला. म्हणजे तुरुंगवास आणि हक्क यांच्यामध्ये अडुसष्ट वर्षे गेली. महाडच्या तळ्यासाठी १९२७ साली आणि पंढरपूरच्या मंदिरासाठी १९४७ साली सत्याग्रह पाहिलेल्या महाराष्ट्राला ही भाषा अपरिचित नाही. तेथे अस्पृश्यतेची भिंत होती, किंडरवर मालकीची. दोन्ही भिंतींची घडण वेगळी असली, तरी जे सर्वांचे आहे त्यावर मूठभरांनी पहारा बसवणे हा प्रकार दोन्हीकडे सारखाच आहे.

मात्र इंग्लंडचे उदाहरण येथे जसेच्या तसे लागू पडत नाही, आणि या विषयातील खरी गाठ नेमकी तेथेच आहे. किंडरचे पठार रिकामे होते; सातपुडा रिकामा नाही. डोंगरवाट ही निसर्गाने दिलेली देणगी नसून श्रमाने घडलेली वस्तू आहे. भूमध्य समुद्रातील माजोर्का बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर ट्रामुंटाना नावाची खडकाळ पर्वतरांग आहे. २०११ साली तिचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि युरोपभरचे पदभ्रमणकार तेथे लोटतात. ज्या वाटांवरून ते चालतात त्या कोळसा पाडणाऱ्यांनी, खेचरे हाकणाऱ्यांनी, आणि हिवाळ्यात शिखरांवरचे हिम खड्ड्यांत साठवून उन्हाळ्यात विकणाऱ्या मजुरांनी पाडल्या. चुन्याविना दगडावर दगड रचून उतार बांधणारे कारागीरही त्यांत होते. आज ते धंदे संपले आहेत, वाटा उरल्या आहेत. आणि त्या रांगेतील बहुतांश जमीन खासगी असल्याने काही वाटांवर मालकांची फाटके आहेत. मासानेया शिखराच्या एका वाटेवर तर चालणाऱ्याकडून मालक पैसे घेतो. ज्यांनी वाट घडवली त्यांचे वारस पैसे घेत नाहीत, ज्याच्या नावावर जमीन आहे तो घेतो. अर्थशास्त्रात याला खंड म्हणतात. श्रम एकाचे आणि मालकीच्या जोरावर मिळणारे उत्पन्न दुसऱ्याचे, ही त्याची साधी व्याख्या होय.

सातपुड्यातील आणि बागलाणातील वाटा याच रीतीने घडल्या आहेत. भिल्ल, पावरा आणि कोकणा माणसांनी आठवड्याच्या बाजाराला जाताना, मोहफुले आणि चारोळी वेचताना, गुरे वळताना त्या पाडल्या. प्रत्येक पावसाळ्यात वाहून गेलेली वाट पुन्हा पायांनी मळली. शासनाने मात्र या श्रमाची नोंद कधीच घेतली नाही. उलट १८७८ च्या आणि नंतर १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलात विनापरवाना शिरणे हाच गुन्हा ठरवला, आणि १९२७ चा कायदा आजही अंमलात आहे. सपाटीवरच्या शेतकऱ्याची वहिवाटीची वाट कोणी बांध घालून अडवली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तो तहसीलदाराकडे दाद मागू शकतो. डोंगरातील वहिवाटीला असे संरक्षण नव्हते. तेथे वाट मोडणारे सरकारच होते, आणि दाद मागायची तर तीही सरकारकडेच.

या विषमतेचे रूप पाहावयाचे असेल तर अक्राणीतील अस्तंभ्याच्या डोंगराकडे पाहावे. दिवाळीच्या दिवसांत हजारो आदिवासी तरुण अश्वत्थाम्याच्या स्थानापर्यंत तो अवघड डोंगर चढतात. खानदेशातील हे सर्वात मोठे गिर्यारोहण म्हणावे लागेल, पण पर्यटनाच्या जाहिरातींत त्याला गिर्यारोहण म्हणत नाहीत, कारण त्यातून कोणाला नफा होत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये या यात्रेहून परतणारे भाविक ज्या मालवाहू वाहनात दाटीवाटीने उभे होते, ते चांदसैली घाटात उलटले आणि त्यांतील कित्येकांचा अंत झाला. माणसे मालवाहू गाडीत का चढली, हा प्रश्न चालकाच्या चुकीपाशी थांबत नाही. साहसी पर्यटनासाठी शासनाने २०२१ साली धोरण केले, नोंदणी आणि सुरक्षिततेचे नियम आखले. पैसे भरून डोंगर चढणाऱ्याचा जीव मोलाचा आहे हे त्यातून मान्य झाले, आणि ते योग्यच झाले. पण श्रद्धेने चढणाऱ्या गरिबाला घाटाखाली सुखरूप उतरवणारी पुरेशी एस.टी. पुरवणे हे धोरणाच्या कोणत्या कलमात बसते?

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद झाली. त्यांत साल्हेर आहे. १,५६७ मीटर उंचीचा हा किल्ला महाराष्ट्रातील सर्वात उंच किल्ला. ट्रामुंटानाचे सर्वोच्च शिखरही त्याहून ठेंगणे आहे. १६७२ साली त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवले. या गौरवाचा आनंद प्रत्येकाला व्हावा. परंतु गौरवाच्या मागोमाग गर्दी येते, गर्दीच्या मागोमाग भांडवल, आणि पायथ्याची जमीन विकत घेणारा दलाल बहुधा या दोघांच्याही आधी पोहोचलेला असतो. साल्हेरवाडी आणि वाघांबे या पायथ्याच्या गावांतील माणूस उद्या आपल्याच डोंगराखाली कोणाच्या तरी उपाहारगृहात भांडी घासणार, की त्या वाटेचा राखणदार म्हणून सन्मानाने उभा राहणार, याचा निर्णय येत्या काही वर्षांतच होणार आहे. पावसाळाभर पर्यटकांना वाट दाखवावी आणि दिवाळीनंतर बायकामुलांसह ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात निघून जावे, हे सातपुड्यातल्या अनेक कुटुंबांचे प्राक्तन पर्यटनाने बदलणार नसेल, तर त्या पर्यटनाला विकास म्हणण्याचे कारण नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. सर्वांना मोकळीक दिली तर डोंगरावर कचरा आणि गोंधळ माजेल, शुल्कामुळे निदान गर्दी तरी आटोक्यात राहते, असे म्हटले जाते. गर्दीचा धोका खराच आहे. पावसाळ्यातील रविवारी प्रसिद्ध किल्ल्यांच्या अरुंद दरवाजांत होणारी चेंगराचेंगर नाकारण्यात अर्थ नाही. पण मर्यादा दोन प्रकारे घालता येते. एक खिशाच्या मापाने, दुसरी संख्येच्या मापाने. पहिलीत श्रीमंताचा कचरा चालतो आणि गरिबाचे पाऊल चालत नाही. दुसरीत आधी नाव नोंदवणारा आधी जातो, मग तो एरंडोलचा हमाल असो की मुंबईचा कारखानदार. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात रोजच्या संख्येला मर्यादा घालून व्यवस्थेत गावकऱ्यांच्या समित्यांना सामील करून घेण्याचा प्रयोग झाला आहे. त्यात उणिवा असतील, परंतु दिशा तीच आहे. गिर्यारोहण मंडळांतील अनेकांनी स्वखर्चाने किल्ले झाडले आहेत, दरीत अडकलेल्यांचे प्राण वाचवले आहेत. त्यांच्याशी भांडण करण्याचे काहीच कारण नाही. भांडण आहे ते दुसऱ्याच्या श्रमाने घडलेल्या वाटेवर नाका बसवणाऱ्यांशी, मग तो नाका ठेकेदाराचा असो की खात्याचा.

हत्यार नाही असेही नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला, आणि त्या वनसंपत्तीत कोणी कसा प्रवेश करावा याचे नियमन करण्याचा अधिकारही त्याच कायद्यात आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून २०११ पासून स्वतःचा बांबू स्वतः विकून दाखवला. जी ग्रामसभा बांबूचा हिशोब ठेवू शकते तिला वाटेचा हिशोब ठेवता येणार नाही, असे म्हणणे हा केवळ उद्दामपणा होय.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. जेथे सामूहिक वनहक्क मान्य झाले आहेत तेथे डोंगरवाटेवरचे शुल्क ठरवण्याचा, घेण्याचा आणि खर्चण्याचा अधिकार ग्रामसभेचाच असावा. जेथे दावे पडून आहेत तेथे ते निकाली निघेपर्यंत खासगी ठेक्याला मज्जाव असावा. वाटाड्याला किमान वेतनाहून कमी नसलेली मजुरी आणि आयोजकाच्या खर्चाने विमा मिळावा. सरकारी व जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलांना वर्षातून एकदा तरी विनाशुल्क डोंगर दाखवावा. रविवारी तालुक्याच्या ठिकाणाहून पायथ्याच्या गावापर्यंत एस.टी. सुटावी, आणि अस्तंभ्याच्या यात्रेला तर ती पुरेशा संख्येने सुटलीच पाहिजे.

यांतील एकही मागणी क्रांतीची वाट पाहत थांबणारी नाही. चोपडा, यावल, अक्राणी आणि बागलाण येथील कार्यकर्त्यांनी या हिवाळ्यात पायथ्याच्या गावांत जाऊन वृद्धांना सोबत घ्यावे, गावनकाशावर न दिसणाऱ्या वाटा चालून पाहाव्यात, त्यांची नावे व वहिवाट लिहून ग्रामसभेच्या ठरावाला जोडावी. एरंडोल, धरणगाव आणि पारोळ्याच्या कार्यकर्त्यांनी त्यांच्याबरोबर चालावे. वाटेचे नाव कागदावर चढण्यापूर्वी तेथे फाटक उभे राहिले, तर पुढची अडुसष्ट वर्षे ते उघडण्यातच जातील.