‘डूलाली टॅप’ आणि व्युत्पत्तीचा मोह

इंग्रजीच्या अनौपचारिक बोलीत ‘डूलाली’ हे विशेषण आजही ऐकू येते. ‘डोके फिरलेला’, ‘भ्रमिष्ट’ हा त्याचा अर्थ. ‘डूलाली टॅप’ या जुन्या सैनिकी प्रयोगाचा तो अवशेष असून त्याचे मूळ नाशिकजवळच्या देवळालीत आहे, याविषयी कोशकारांत सामान्यतः एकमत आहे. एक मराठी ग्रामनाम परभाषेत वेडाचे नाव होऊन बसावे, ही गोष्ट केवळ गंमत म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

देवळालीस ब्रिटिश लष्कराची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी धाडण्यापूर्वी तेथे आणून ठेवीत. त्यांना नेणारी जहाजे साधारणतः ऑक्टोबर ते मार्च या हंगामातच सुटत. हंगाम हुकला की महिनोन्‌महिने रिकामे बसणे आले. त्या रिकामपणात काहींचे चित्त ढळे, असे फ्रँक रिचर्ड्‌स या माजी शिपायाने ‘ओल्ड सोल्जर साहिब’ (१९३६) या आठवणींत नोंदविले आहे. त्याआधी १९२५ मध्ये फ्रेझर व गिबन्स यांच्या सैनिकी शब्दसंग्रहातही हा प्रयोग आढळतो. जिभेला ‘ळ’ची सवय नसल्याने ‘देवळाली’चे ‘डूलाली’ झाले, हेही समजण्यासारखे आहे.

खरी परीक्षा ‘टॅप’ या उत्तरपदाशी आहे. मराठी वाचकास लगेच ‘ताप’ आठवतो. ‘डोक्याला ताप’ हा आपला वाक्प्रचार तर अर्थानेही जवळचा! परंतु येथेच सावध व्हावयास हवे. इंग्रजी रूपातील स्वर ऱ्हस्व आहे. गोऱ्या शिपायाचा नित्य संबंध छावणीतल्या हिंदुस्थानीशी होता आणि तीत ज्वर या अर्थी ‘तप’ हा फारसी वळणाचा शब्द होता. ‘तपेदिक’ (क्षय) या शब्दात तो आजही टिकून आहे. तेव्हा पूर्वपद मराठी मुलखाचे, उत्तरपद छावणीच्या हिंदुस्थानीचे, हेच मानणे अधिक सयुक्तिक. देवळालीत वेड्यांचे इस्पितळ होते म्हणून हा प्रयोग रुळला, अशीही कथा सांगतात. कथा चटकदार असली तरी तिला स्वतंत्र पुरावा हवा. शिवाय, रिचर्ड्‌सचे लेखन प्रयोगाच्या वापराची साक्ष देते. उगमाचा निर्णय तेवढ्याने होत नाही.

हा मोह आपल्या अंगणातही आहे. मालवण तालुक्यातील माझे गाव तोंडवली हे समुद्र आणि खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेले. ‘खाडीच्या तोंडाशी म्हणून तोंडवली’ ही उपपत्ती लहानपणापासून ऐकत आलो. परंतु याच नावाचे दुसरे गाव कणकवली तालुक्यात, समुद्रापासून दूर आहे! तेथे ही उपपत्ती लागू पडत नाही. ध्वनिसाम्य ही शोधाची सुरुवात होय, निष्कर्ष नव्हे.

मला अधिक अस्वस्थ करणारी बाब वेगळीच आहे. रिचर्ड्‌स हा पंडित नव्हता. पलटणीत जाण्यापूर्वी त्याने कोळशाच्या खाणीत काम केले होते. त्याच्यासारख्यांनी बराकीतली बोली कागदावर उतरविली, म्हणूनच आज आपणास तिची चिकित्सा करता येते. आमच्या किनाऱ्यावर ‘ताप इलो’ म्हणणाऱ्या पिढीच्या तोंडी जाळी, वारे, भरती-ओहोटी आणि शिव्यागाळी यांची जी शब्दसंपदा आहे, तिच्या अशा कितीशा नोंदी आपल्यापाशी आहेत? बोलीवरील प्रबंधांत शब्दांच्या याद्या असतात. पण शब्द कोणी, कोठे, कोणत्या साली व कोणत्या प्रसंगी वापरला, हे क्वचितच सांगितलेले असते. अशी यादी पुढच्या व्युत्पत्तिकारास निरुपयोगी ठरते.

म्हणून पदव्युत्तर विभागांनी बोलीविषयक प्रत्येक प्रबंधास ही चार अंगे सक्तीची करावीत, असे माझे मत आहे. व्युत्पत्ती उद्याही लावता येईल. बोलणारा माणूस गेल्यावर त्याचा शब्द मात्र कोणत्याही कोशातून परत मिळणार नाही.