भरतीचे गणित आणि उणे एकचे वर्गमूळ

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२५ हे क्वांटम विज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. आपल्या सरकारनेही २०२३ साली या विषयासाठी सहा हजार कोटी रुपयांची राष्ट्रीय मोहीम मंजूर केली. या धामधुमीत शास्त्रज्ञांमधला एक जुना वाद पुन्हा पेटला आहे. तो पैशाचा नाही, एका संख्येचा आहे. उणे एकचे वर्गमूळ ही ती संख्या. माणसाने ती सोयीसाठी कल्पिली, की विश्वाच्या घडणीतच ती आहे?

अलिबागच्या किनाऱ्यावर बसून हा प्रश्न विचारणे वाटते तितके विचित्र नाही. इथल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पायी जाता येते, भरतीला होडी लागते. त्यामुळे भरतीची वेळ काढणे हा आमच्याकडचा नित्याचा व्यवहार. ठोकताळा सोपा आहे: तिथीची पाऊणपट करावी. आज अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. भरती प्रत्यक्षात रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, ठोकताळा पंचेचाळीसच धरतो. पक्षाच्या अखेरीस तासाभराचा फरक पडतो खरा, पण होडी काढणाऱ्याला एवढे पुरते.

बंदरात मोठे जहाज आणणाऱ्याला ते पुरत नाही. त्याच्यासाठी सर्व्हे ऑफ इंडियाची छापील कोष्टके असतात. त्यांच्यामागची कल्पना मोठी सुरेख आहे. चंद्रामुळे उठणारी मुख्य लाट १२ तास २५ मिनिटांनी परत येते, सूर्यामुळे उठणारी १२ तासांनी. दोघांचा जोर एकत्र आला की उधाण, एकमेकांविरुद्ध गेला की भांग. शिवाय लहानमोठ्या आणखी कितीतरी लाटा. यातली प्रत्येक लाट म्हणजे घड्याळाचा एकेक काटा समजा. काट्याची लांबी म्हणजे लाटेचा जोर, त्याची दिशा म्हणजे वेळ. सगळ्या काट्यांची बेरीज केली की भरती हाती येते. हिंदुस्थानच्या बंदरांसाठी ही बेरीज करणारे चाकांचे यंत्रच १८७९ साली इंग्लंडात तयार झाले होते.

लांबी आणि दिशा दोन्ही एकाच संख्येत मावायला हवी असेल, तर तिथे उणे एकचे वर्गमूळ येते. बाराव्या शतकात आपल्या भास्कराचार्यांनी सांगून टाकले होते की ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कशाचा वर्गच नव्हे. पुढे १६३७ साली देकार्तने अशा मुळांना ‘काल्पनिक’ म्हटले आणि ते नाव चिकटले. अकरावीतली मुले अजून त्याला दचकतात. वास्तविक भिण्यासारखे काही नाही. उणे एकने गुणणे म्हणजे पाठ फिरवणे. हेच दोन सारख्या टप्प्यांत करायचे तर प्रत्येक वेळी काटकोनात वळावे लागेल. हे काटकोनात वळणे म्हणजेच उणे एकचे वर्गमूळ. सरळ पुढे आणि मागे जाण्याखेरीज दुसरी वाटच नाही असे मानणाऱ्यालाच ते अशक्य वाटते.

भरतीच्या हिशेबात मात्र ही संख्या केवळ सोय आहे. तिच्यावाचून तेच उत्तर येते, कागद जास्त लागतो इतकेच. क्वांटममध्ये तसे नाही. श्रोडिंगरच्या १९२६ च्या समीकरणात ती उघडपणे बसली आहे, आणि खुद्द श्रोडिंगरलाच सुरुवातीला ती खटकत होती. २०२१ च्या अखेरीस ‘नेचर’मध्ये एक निबंध आला. त्याचे म्हणणे, फक्त वास्तव संख्यांवर उभारलेला क्वांटम सिद्धांत प्रयोगाने खोटा पाडता येईल. लगोलग चीनमध्ये तसे प्रयोग झाले आणि कौल काल्पनिक संख्येच्या बाजूने लागला. झाले! विश्वच संमिश्र संख्यांचे बनले आहे, असे काहींना वाटू लागले. पण २०२५ मध्ये काही भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवले की दोन वस्तूंचे वर्णन एकत्र जोडण्याचा नियम वेगळा घेतला, तर वास्तव संख्यांनीही भागते.

माझे मत विचाराल तर चिन्ह गेले तरी वळणे जात नाही. नव्या मांडणीत वास्तव संख्यांच्या जोड्या येतात आणि त्या जोड्या पुन्हा काटकोनातच वळतात. निसर्गात काही असेल तर ते हे फिरणे. त्याला लिहायचे कसे, ते आपण ठरवले. विश्व म्हणजेच गणित, असे मॅक्स टेगमार्क यांच्यासारखे शास्त्रज्ञ म्हणतात. ती उडी मला जास्त वाटते. तिथीची पाऊणपट बरोबर येते म्हणून समुद्र पाऊणकीचा पाढा म्हणतो असे आपण मानत नाही.

आणि कोष्टकाबाहेरचा समुद्रही असतोच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले. त्या दिवशीची भरतीची वेळ कोष्टकात वर्षभर आधीच छापलेली होती. चंद्रसूर्य त्यात होते, वारा नव्हता. वाराही समीकरणांनीच चालतो, हे हवामानशास्त्रज्ञ सांगतील आणि ते खरेही आहे. पण ती समीकरणे वर्षभर आधी सोडवून छापता येत नाहीत, चार दिवस आधी सांगता आले तरी पुष्कळ.