एकाच जिल्ह्यात, दोन महिन्यांच्या आत दोन ‘महाराष्ट्र केसरी’: आपल्या कुस्तीचं नेमकं चाललंय काय?

२ फेब्रुवारी २०२५. अहिल्यानगरचं वाडिया पार्क मैदान. ६७ व्या महाराष्ट्र केसरीची फायनल. पुण्याचा पृथ्वीराज मोहोळ जिंकला, चांदीची गदा आणि थार गाडी घेऊन गेला.

३० मार्च २०२५. त्याच जिल्ह्यातलं कर्जत. पुन्हा महाराष्ट्र केसरीची फायनल. सोलापूरच्या वेताळ शेळकेनं पृथ्वीराज पाटीलला हरवलं आणि तोही महाराष्ट्र केसरी झाला. ही स्पर्धा होती ६६ वी.

म्हणजे आधी ६७ वी झाली आणि नंतर ६६ वी. तेही एकाच जिल्ह्यात, दोन महिन्यांच्या आत.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल. पण कुस्ती शौकिनाला हसू येत नाही. कारण हा घोळ नुसत्या आकड्यांचा नाही. तालमीत पहाटे चारला उठून जोर-बैठका मारणाऱ्या पोरांच्या भवितव्याचा आहे. म्हणून सगळा विषय नीट समजून घेऊ.

आधी वाडिया पार्कवर काय झालं ते बघू

महाराष्ट्र केसरीचा ढाचा साधा आहे. केसरी गटात गादीवर वेगळी स्पर्धा होते आणि मातीवर वेगळी. गादीचा विजेता आणि मातीचा विजेता फायनलला भिडतात. जिंकेल त्याला मामासाहेब मोहोळांच्या नावाची गदा.

गादी विभागाच्या फायनलला शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ समोरासमोर होते. राक्षे काय नवखा नव्हता, त्यानं आधी गदा मिळवलेली होती. पंचांनी त्याला चितपट दिलं. राक्षेचं म्हणणं होतं की पाठ टेकलीच नव्हती, व्हिडिओ बघा. वाद वाढला आणि राक्षेनं पंचांना लाथ मारली. पुढं फायनलला महेंद्र गायकवाडनं पंचांच्या निर्णयावर चिडून शेवटच्या काही सेकंदांत मैदान सोडलं. कुस्तीगीर संघानं दोघांनाही तीन वर्षांसाठी निलंबित केलं.

सोशल मीडियावर दोन दिवस नुसता राडा झाला. अर्धे म्हणाले, पंचाला लाथ मारणारा पैलवान कसला? अर्धे म्हणाले, पैलवानाची वर्षभराची मेहनत एका चुकीच्या शिट्टीनं घालवणारा पंच कसला?

पहिली गोष्ट स्पष्ट आहे. पंचांवर पाय उचलणं चूकच, त्याला कुठलंही कारण चालत नाही. तालमीत शिरताना उंबऱ्याला हात लावून पाया पडणाऱ्या परंपरेत तर अजिबात नाही.

पण दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे. चितपट हा कुस्तीतला शेवटचा निकाल. गुण कमी-जास्त झाले तर भरून काढता येतात, चितपट झाली की कुस्ती संपली. अशा निकालावर शंका आली तर हजारो प्रेक्षकांसमोर तो क्षण पडद्यावर पुन्हा दाखवायला काय हरकत आहे? क्रिकेटमध्ये साधा एलबीडब्ल्यू असला तरी तीन-तीन अँगलनं दाखवतात. इथं लाखो लोक मोबाईलवर तोच व्हिडिओ थांबवून-थांबवून बघत होते, आणि मैदानात मात्र शंकेचं समाधान झालं नाही. पैलवानाचा पंचांवरचा विश्वास का उडाला, हा प्रश्न निलंबनाच्या कागदानं सुटत नाही.

मग दोन-दोन स्पर्धा कशा?

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद ही जुनी संघटना. मामासाहेब मोहोळांनी १९५३ मध्ये तिचा पाया घातला. १९६१ पासून महाराष्ट्र केसरी सुरू झाली. पुढं कित्येक वर्षं परिषदेचं अध्यक्षपद शरद पवारांकडे होतं.

२०२२ मध्ये भारतीय कुस्ती महासंघानं ही परिषद बरखास्त केली. तेव्हा महासंघाचे अध्यक्ष होते ब्रिजभूषण सिंह. राज्यात महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघ ही नवी संघटना उभी राहिली, अध्यक्ष भाजपचे तेव्हाचे वर्ध्याचे खासदार रामदास तडस. परिषद गप्प बसली नाही, वाद कोर्टात गेला. तिथून एका गदेच्या दोन गदा झाल्या.

आता २०२३ या एका वर्षाचा हिशोब बघा. जानेवारीत पुण्यात महाराष्ट्र केसरी झाली, शिवराज राक्षे जिंकला. नोव्हेंबरमध्ये पुणे जिल्ह्यातल्या फुलगावला संघाची स्पर्धा झाली, सिकंदर शेखनं फायनलला राक्षेलाच हरवलं. त्याच नोव्हेंबरमध्ये धाराशिवला परिषदेची स्पर्धा झाली, तिथं राक्षेनं हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा मिळवली.

एका वर्षात तीन महाराष्ट्र केसरी. एकाच महिन्यात एकच पैलवान एका फायनलला हरला आणि दुसरीकडं महाराष्ट्र केसरी झाला. फुलगावची स्पर्धा ६६ वी, आणि दीड वर्षानं झालेली कर्जतचीही ६६ वी. उद्या कुणी स्पर्धा परीक्षेत ‘६६ वा महाराष्ट्र केसरी कोण?’ असं विचारलं तर सिकंदर शेख लिहायचं का वेताळ शेळके? दोन्ही उत्तरं बरोबर, आणि दोन्हींवर आक्षेप घेता येईल.

यात पैलवानांचा काहीच दोष नाही. दोन्हीकडं लढणारे पैलवान खरे, घाम खरा, डाव खरे. खोटी पडते ती ‘राज्यात एकच’ ही गोष्ट. आणि गदेची सगळी किंमत त्या ‘एकच’मध्येच होती.

ऑस्ट्रेलियाच्या रग्बीत डोकावून बघा

आता तुम्ही म्हणाल, यात ऑस्ट्रेलिया कुठून आलं? पण तिथल्या रग्बी युनियनच्या चाहत्यांचं रडगाणं ऐकलं की आपलंच वाटतं.

१८९५ मध्ये इंग्लंडमध्ये रग्बी फुटली. कारण पैसा. कामगार खेळाडूंची म्हणणं होतं की सामन्यामुळं बुडालेली मजुरी भरून द्या, वरच्या वर्गातल्या पदाधिकाऱ्यांनी नाही म्हटलं. वेगळे झालेल्यांची ‘रग्बी लीग’ झाली, जुनी ती ‘रग्बी युनियन’. १९०८ मध्ये सिडनीत लीगची स्पर्धा सुरू झाली आणि बघता बघता लोकांची झाली.

युनियनवाल्यांनीही मोठे दिवस बघितले. ऑस्ट्रेलियानं १९९१ आणि १९९९ चा वर्ल्डकप जिंकला. पण २०२३ च्या वर्ल्डकपमध्ये फिजी आणि वेल्सकडून हरून हा संघ इतिहासात पहिल्यांदाच गटातून बाहेर पडला. २०२४ मध्ये मेलबर्न रिबेल्स हा त्यांचा व्यावसायिक संघ बंद पडला. चाहत्यांची तक्रार काय? खेळ ठराविक खासगी शाळांपुरता उरला, पदाधिकारी आपल्याच भांडणात, आणि गुणी पोरं लीगकडं जातात. आता २०२७ चा वर्ल्डकप त्यांच्याच देशात आहे, म्हणून सगळी धडपड चाललीय.

फरक इतकाच, की तिथं दोन खेळ आहेत, दोघांचे नियम वेगळे. म्हणून फूट पडली तरी प्रेक्षकाला कळतं की आपण काय बघतोय. आपल्याकडं खेळ तोच, पैलवान तेच, गदेचं नावही तेच. वेगळी आहे ती फक्त मंचावरची खुर्ची.

खरा तोटा वजनात लपलाय

संघटनांचं भांडण उद्या मिटलं तरी एक प्रश्न उरतोच, आणि त्यावर फार कुणी बोलत नाही.

भारताला आजवर कुस्तीत ऑलिम्पिकची आठ पदकं मिळाली. पहिलं आपल्या खाशाबा जाधवांचं, १९५२, हेलसिंकी. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान लहान वजनाचा, बँटमवेट गटातला. त्यानंतर सुशील कुमारची दोन, योगेश्वर दत्त, साक्षी मलिक, रवी दहिया, बजरंग पुनिया आणि २०२४ ला पॅरिसमध्ये अमन सेहरावत. खाशाबांनंतरची सातही पदकं हरयाणा-दिल्लीकडं गेली.

आता या सगळ्यांची वजनं बघा. ५७, ५८, ६०, ६५, ६६ किलो. आठपैकी एकही पदक ६६ किलोच्या वर नाही.

आणि महाराष्ट्र केसरीचा गट? ८६ ते १२५ किलो.

म्हणजे देशाला ऑलिम्पिकचं पदक ज्या वजनात मिळतं, तिथं आपला हिरो नाहीच. त्याच स्पर्धेत ५७ आणि ६५ किलोच्या कुस्त्या होतात, पण त्यांचे विजेते तुम्हाला आठवतात का? पोस्टरवर फोटो केसरीचा, गाडी केसरीला, रात्रीच्या फायनलचं लाईव्ह केसरीचं. मग ५७ किलोच्या चपळ पोरालाही वाटतं की अंग वाढवायला पाहिजे.

लहान वजनात काय होऊ शकतं हे बीडच्या राहुल आवारेनं दाखवलंय. ५७ किलोत २०१८ ला कॉमनवेल्थचं सुवर्ण, ६१ किलोत २०१९ ला जागतिक स्पर्धेत कांस्य. पण गावोगावच्या चौकातल्या फ्लेक्सवर असे किती पैलवान दिसतात?

हगाम्याचं काय?

नगर जिल्ह्यात कुस्ती स्पर्धेनं नाही, हगाम्यानं जगलीय. गावची यात्रा आली की हलगी वाजते, लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर सुटतात, मग इनाम वाढत जातं आणि संध्याकाळी शेवटची मोठी जोड लागते. पैलवानाच्या खुराकाचा खर्च बऱ्याच अंशी या इनामावर निघतो. दूध, बदाम, तूप आजच्या भावात शेतकऱ्याच्या घराला परवडणारं नाही.

पण हगाम्याची कुस्ती मातीवरची, निकाली. ऑलिम्पिकची कुस्ती गादीवरची, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, गुणांची. दम वेगळा, डोकं वेगळं. पोट हगाम्यावर आणि पदक गादीवर, अशी ही ओढाताण आहे. म्हणून हगामा बंद करा असं कुणीच शहाणा माणूस म्हणणार नाही. उलट गावाच्या इनामाला गादीच्या सरावाची जोड कशी द्यायची, हे ठरवणं संघटनेचं काम. संघटना मात्र ‘खरी कोण’ या कुस्तीत अडकलीय, आणि ती निकाली सुटायची चिन्हं नाहीत.

सर्टिफिकेट कुणाचं चालणार?

महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेचं सर्टिफिकेट लागतं. केसरी जिंकणाऱ्याचं नाव तरी होतं, सत्कार होतात. पण ६१ किलोत तिसरा आलेला पारनेरचा किंवा जामखेडचा पोरगा? त्याच्या हातात फक्त एक कागद असतो. दोन संघटना असल्या की त्या कागदावरच्या शिक्क्याला किंमत आहे का, हा त्याच्या घरचा सगळ्यात मोठा प्रश्न होतो.

वर देशातही तेच. २०२३ च्या जानेवारीत विनेश, साक्षी, बजरंग जंतरमंतरवर बसले. ऑगस्टमध्ये जागतिक संघटनेनं भारतीय महासंघालाच निलंबित केलं, आपल्या पैलवानांना जागतिक स्पर्धेत तिरंग्याशिवाय उतरावं लागलं. वरचं भांडण खालच्या गादीवर कसं येऊन पडतं, याचं हे ताजं उदाहरण.

चांगलं काहीच नाही का?

आहे ना. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत पहिल्यांदा महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली. २०२५ च्या जानेवारीत वर्ध्याच्या देवळीत ही गदा श्रीगोंद्याच्या भाग्यश्री फंडनं मिळवली. नगर जिल्ह्याची पोरगी महाराष्ट्र केसरी झाली, आणि त्यानंतर आठवडाभरातच वाडिया पार्कच्या लाथेनं तिची बातमी झाकून टाकली.

आणि २०२० आठवा. अकोले तालुक्यातला हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके, दोघंही काका पवारांच्या तालमीतले. फायनल अटीतटीची झाली. जिंकल्यावर हर्षवर्धननं हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून मैदानात फिरवलं. पैलवान तेव्हाही ईर्ष्येनंच लढत होते. फक्त त्या दिवशी निकाल कुणाला पटला नाही असं नव्हतं, आणि गदा एकच होती.

मग मागायचं काय?

तीनच गोष्टी. एक, दोन्ही संघटनांनी बसून एकच स्पर्धा, एकच क्रमांक ठरवावा, तोवर सरकारनं कुठलं सर्टिफिकेट चालतं हे लेखी जाहीर करावं. दोन, चितपटीसह प्रत्येक वादग्रस्त निर्णयाचा व्हिडिओ मैदानातल्या पडद्यावर दाखवावा. तीन, लहान वजनाच्या आणि महिला गटाच्या विजेत्यांना केसरीच्या बरोबरीनं इनाम आणि मंच मिळावा.

आणि आपण शौकिनांनी? पुढच्या वेळी महाराष्ट्र केसरीचं पोस्टर शेअर करताना कमेंटमध्ये दोन प्रश्न टाका. स्पर्धा कुठल्या संघटनेची आणि ५७ किलोत कोण जिंकलं? उत्तर द्यायला कुणीतरी भाग पडलं, तरी सुरुवात झाली म्हणायची.