रोजचा रस्ता आधी विचारा

दसरा-दिवाळीची खरेदी जवळ आली की आपल्या गॅरेजमध्ये गाडी दुरुस्तीला आणणारे ग्राहक जाता जाता सल्लाही विचारतात. गेल्या काही वर्षांत त्या सल्ल्यात एक प्रश्न वारंवार येतो : फोर बाय फोर घ्यायची आहे, कोणती घेऊ? पूर्वी हा प्रश्न डोंगराळ भागातले शेतकरी, वनखात्याचे चालक आणि धरणाच्या किंवा खाणीच्या साइटवरचे कंत्राटदार यांच्यापुरता होता. आता तो पुण्या-नाशकात रोज ऑफिसला गाडी नेणारा आणि पावसाळ्यात शनिवारी घाट उतरणारा माणूसही विचारतो. २०२० साली नवी थार आली, २०२२ साली ग्रँड व्हिटारा, २०२३ साली पाच दरवाज्यांची जिम्नी आणि २०२४ साली थार रॉक्स. बाजार बदलला. आपल्या सल्ल्याची पद्धत मात्र पुरेशी बदललेली नाही.

आपण अजूनही सर्वांत वाईट रस्त्यापासून सुरुवात करतो. गाडी चिखलातून निघेल का, वाळूतून निघेल का, लडाखला जाईल का, हे आधी विचारतो. रोजच्या वापराची गाडी निवडताना हा क्रम उलटा हवा. गाडीचं बहुतेक आयुष्य ज्या पृष्ठभागावर जाणार आहे, तिथे तिची चार चाकं कशी वागतील हे आधी पाहायचं आणि वर्षातल्या चार अवघड दिवसांचा विचार त्यानंतर करायचा. असं केलं की पार्ट-टाइम आणि ऑटोमॅटिक फोर बाय फोर यांतली निवड बहुतेक ग्राहकांसाठी सोपी होते.

थार, जिम्नी, गुरखा, हायलक्स या पार्ट-टाइम पद्धतीच्या गाड्या आहेत. त्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये मधला डिफरन्शियल नसतो. फोर हायमध्ये टाकलं की पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात आणि दोघांना एकाच वेगाने फिरावं लागतं. सरळ रस्त्यावर याने फारसं बिघडत नाही. वळणावर मात्र पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून जातात आणि मागची लहान.

हा फरक किती, ते एकदा मांडून पाहू. थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर आहे. मागच्या अ‍ॅक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून जातो असं धरलं, तर पुढच्या अ‍ॅक्सलचा मध्य साधारण ५.५७ मीटर त्रिज्येवरून जातो. अर्ध्या वर्तुळाच्या यू-टर्नमध्ये मागचा अ‍ॅक्सल १५.७ मीटर चालतो आणि पुढचा १७.५ मीटर. हा सुमारे १.८ मीटरचा फरक म्हणजे थारच्या १८ इंची चाकाचा जवळपास पाऊण फेरा. चिखलात, सुट्या खडीवर किंवा वाळूत चाक थोडं घसरतं आणि हा हिशेब चुकता होतो. कोरड्या डांबरावर किंवा काँक्रीटवर टायर घसरायला तयार नसतो. मग तो फरक पीळ होऊन शाफ्ट, क्रॉस, चेन आणि गिअरच्या दात्यांत साठत जातो.

हा पीळ आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. स्टिअरिंग जड होतं, वळणात कुणी ब्रेक दाबून धरल्यासारखी गाडी अडते, टायर घासल्याचा आवाज येतो आणि फोर हायचा लिव्हर परत टू हायमध्ये येत नाही. अशा वेळी लिव्हरशी झटापट न करता गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतली की बहुतेकदा पीळ सुटतो. ग्राहकाला हे माहीत नसेल, तर तो जोर लावून लिव्हरची जोडणी बिघडवतो किंवा तशीच गाडी घरापर्यंत चालवत नेऊन क्रॉस आणि चेन यांचं आयुष्य घटवतो. म्हणूनच कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर हाय वापरू नका, असं या गाड्यांच्या पुस्तिकांत बजावलेलं असतं.

यातून निघणारी गोष्ट ग्राहकाला स्पष्ट शब्दांत सांगायला हवी : पार्ट-टाइम गाडी डांबरावर दोनच चाकांची असते, आणि थार, जिम्नी, गुरखा यांच्या बाबतीत ती दोन चाकं मागची असतात. 'पावसात घाटात चार चाकांची पकड मिळेल' म्हणून जो ही गाडी घेतो, त्याला नेमकी तीच गोष्ट मिळत नाही. ताम्हिणी, वरंध किंवा आंबोलीचा जुलैमधला रस्ता डोळ्यांपुढे आणा. एका वळणावर पाणी वाहतंय, पुढच्या वळणावर झाडाखालचं शेवाळ आहे आणि त्यापुढे खडबडीत डांबर जवळजवळ कोरडं आहे. हेअरपिन वळण तर दर काही मिनिटांनी येतं. इतक्या वेळा लिव्हर बदलणं कुणाच्याही हातून होत नाही. फोर हायमध्येच राहावं तर ओल्या डांबरालाही पीळ धरण्याइतकी पकड असते. म्हणून गाडी टू हायमध्ये चालते आणि चढावरच्या ओल्या वळणात ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला गेला की मागचा भाग बाहेर ओढला जातो. ईएसपी असेल तर ती इंजिनाचा जोर कापून गाडी सावरते. पण ज्या चार चाकांसाठी ग्राहकाने जास्तीचे पैसे मोजले, ती त्या क्षणी कामाला नसतात.

ऑटोमॅटिक पद्धत नेमकी इथे उपयोगी पडते. ग्रँड व्हिटारा, कंपास, कोडियाक यांसारख्या गाड्यांत मूळ ताकद पुढच्या चाकांना असते. मागे जाणाऱ्या शाफ्टच्या वाटेत तेलात बुडालेल्या अनेक पट्ट्यांचा क्लच, म्हणजेच कपलिंग, असतो. एबीएसचे चाकांवरचे सेन्सर, ॲक्सिलरेटरची स्थिती आणि स्टिअरिंगचा कोन यांवरून ईसीयू ठरवतो की हा क्लच किती दाबायचा. कोरड्या रस्त्यावर हळू वळताना क्लच सैल राहतो, म्हणून पीळ पडत नाही. पाण्याच्या पट्ट्यावर पुढचं चाक घसरू लागलं की क्षणार्धात मागच्या चाकांना ताकद मिळते. चालकाला काहीही करावं लागत नाही. रस्ता जिथे मिनिटामिनिटाला बदलतो, तिथे माणसाच्या हातापेक्षा हा क्लच जलद आहे. सह्याद्रीच्या घाटांत रोज किंवा दर आठवड्याला जाणाऱ्या कुटुंबासाठी माझ्या मते हा मुद्दा निर्णायक आहे.

या पद्धतीच्या मर्यादाही तितक्याच मोकळेपणाने सांगितल्या पाहिजेत. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत लो रेंज नसते. रुतलेल्या गाडीने वाळूत किंवा खोल चिखलात फार वेळ धडपड केली की क्लच तापतो, आणि स्वतःला वाचवण्यासाठी यंत्रणा मागची ताकद कमी करते किंवा बंद करते. लॉक मोड हळू वेगाने अडचणीतून निघण्यापुरता असतो, त्याने ट्रान्सफर केसचं काम होत नाही. या गाड्यांची जमिनीपासूनची उंची आणि सस्पेन्शनची चालही लॅडर फ्रेमच्या गाड्यांपेक्षा सहसा कमी असते.

मग पार्ट-टाइम कुणाला सुचवावी? ज्याच्या रोजच्या वाटेत खरोखर कच्चा रस्ता आहे, त्याला. वेल्हे-भोरच्या डोंगरातला शेतकरी, जांभ्याच्या उतारावर आंबा-काजूची बाग असलेला बागायतदार, पावसाळ्यात वाडीपर्यंत जावं लागणारा डॉक्टर, खाणीवरचा सुपरवायझर, किंवा ट्रॉली ओढावी लागणारा माणूस. यांना फोर लो हवी असते. ती साधारण दोन ते अडीच पट जास्त घट देते, त्यामुळे भरलेली गाडी क्लच न जाळता चढते आणि निसरड्या उतारावर ब्रेकला हात न लावता इंजिनाच्या आधाराने उतरते. हे काम कोणताही सॉफ्टवेअर मोड तितक्या भरवशाने करत नाही. शिवाय ही यंत्रणा साधी आहे, दणकट आहे आणि तालुक्याच्या गावातही उघडून दुरुस्त करता येते. अशा ग्राहकाला शहरी सोयीच्या नावाखाली ऑटोमॅटिक गळ्यात मारणं हाही तितकाच चुकीचा सल्ला ठरेल.

दोन्ही गुण एकत्र असलेल्या गाड्याही आहेत. मधल्या डिफरन्शियलसह लो रेंज असेल, तर डांबरावर चारही चाकं चालतात आणि चिखलात लो गिअरही मिळतो. २००९ साली भारतात आलेली पहिली फॉर्च्युनर फोर बाय फोर अशीच होती. २०१६ साली आलेली तिची पुढची पिढी मात्र पार्ट-टाइम झाली. मागे चिकटवलेली अक्षरं तीच, पण वापरण्याचा नियम उलटा. सेकंडहँड फॉर्च्युनर घेणाऱ्याला हा फरक आपणच सांगायचा आहे. गाडीच्या नावावरून किंवा बॅजवरून ठरवू नका. जॅकवर घेऊन खाली काय आहे ते पाहा आणि त्या वर्षाच्या मॉडेलची पुस्तिका उघडा.

आता आपल्या कामाकडे येऊ, कारण निवड योग्य झाली तरी देखभाल चुकली की दोन्ही पद्धती निकामी होतात.

ऑटोमॅटिक गाडीत सर्वांत मोठा धोका टायरचा आहे. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. पुढे नवे दोन टायर टाकले आणि मागे ३ मिलिमीटर उरलेले जुने ठेवले, तर ग्रँड व्हिटाराच्या १७ इंची चाकाच्या त्रिज्येत जवळपास दीड टक्का फरक पडतो. म्हणजे १०० किलोमीटरच्या सरळ प्रवासातही पुढच्या-मागच्या शाफ्टच्या फिरण्यात दीड किलोमीटरच्या अंतराइतका फरक साठतो आणि तो त्या क्लचला सतत सोसावा लागतो. ईसीयूलाही चाक घसरत असल्याचा भास होऊ शकतो. म्हणून चारही टायर एका कंपनीचे, एका मापाचे, एकाच नक्षीचे असावेत आणि ठरलेल्या अंतरावर पुढचे मागे, मागचे पुढे करत राहावेत. ग्राहकाचे दोन टायरचे पैसे वाचवून त्याला कपलिंगच्या खर्चात ढकलू नका. पार्ट-टाइम गाडीलाही हाच नियम लागू आहे, कारण टायर असमान असतील तर फोर हायमध्ये सरळ रस्त्यावरही पीळ भरतो.

दुसरी गोष्ट तेलाची. कपलिंगचं तेल वेगळं असतं आणि ते कंपनीने सांगितलेलंच घालायचं. साधं गिअर ऑइल घातलं की पट्ट्या धरतात किंवा घसरतात, आणि वळणात गाडी थरथरू लागते. पार्ट-टाइम गाडी तुंबलेल्या पाण्यातून किंवा नदीतून गेली असेल, तर दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचं तेल तपासा. दुधाळ दिसलं तर लगेच बदला आणि ब्रीदर साफ करा.

तिसरी गोष्ट वापराची. शहरातल्या कित्येक पार्ट-टाइम गाड्यांचा लिव्हर किंवा नॉब वर्षभर हलतच नाही. मग अ‍ॅक्चुएटर अडकतो, सील कोरडे पडतात आणि गरजेच्या दिवशी फोर लो लागत नाही. महिन्यातून एकदा सुट्या मातीच्या सरळ रस्त्यावर पंधराएक किलोमीटर फोर हायमध्ये चालवायला आणि एकदा फोर लो लावून पाहायला प्रत्येक ग्राहकाला सांगा.

चौथी गोष्ट टोइंगची. ऑटोमॅटिक गाडीची दोन चाकं उचलून आणि दोन जमिनीवर ठेवून ओढली, तर कपलिंगचं नुकसान होऊ शकतं. ती फ्लॅटबेडवरच न्यायची. रस्त्यात बंद पडलेल्या ग्राहकाचा फोन पहिल्यांदा आपल्यालाच येतो, म्हणून ही सूचना आपल्या तोंडी तयार असली पाहिजे. सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी तपासताना कोरड्या मोकळ्या मैदानात पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू गोल फिरवा. गाडी अडखळली किंवा घरघरली तर आधी टायर मोजा, मग तेल बघा.

आणि एक इशारा दोन्ही प्रकारच्या ग्राहकांना सारखाच द्यायचा आहे. चार चाकांची ताकद गाडी पुढे नेते, थांबवत नाही. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात, त्यामुळे ओल्या उतारावर फोर बाय फोर गाडी साध्या गाडीपेक्षा लवकर थांबत नाही. उलट जास्त वजनामुळे तिला टायर आणि ब्रेकची स्थिती अधिक चांगली लागते. घाटात जाणाऱ्या माणसाला चार चाकांच्या पर्यायापेक्षा चांगल्या नक्षीचे टायर अनेकदा जास्त उपयोगी ठरतात. बजेट मर्यादित असेल तर हे त्याला निःसंकोच सांगा.

निर्णय असा : गाडी रोज पक्क्या रस्त्यावर चालणार असेल आणि अडचण पावसाची, घाटाची, अधूनमधून लागणाऱ्या कच्च्या वाटेची असेल, तर ऑटोमॅटिक सुचवा. रोजच्या वाटेत कच्चा चढ, चिखल किंवा ओझं असेल, तर पार्ट-टाइम सुचवा आणि ती डांबरावर दोन चाकांची आहे हे खरेदीआधी सांगा. सल्ला देण्यापूर्वी प्रत्येक ग्राहकाला तीन प्रश्न विचारा : गाडी महिन्यात किती दिवस डांबर सोडते, सोडते तेव्हा चढ आणि ओझं किती असतं, आणि गाडी घरातलं कोण कोण चालवतं? तिसरा प्रश्न विसरू नका. ज्या घरात तीन माणसं आळीपाळीने गाडी चालवतात आणि लिव्हरचा नियम एकालाच माहीत असतो, त्या घरासाठी ऑटोमॅटिकच योग्य आहे. ही उत्तरं जॉब कार्डावर लिहून घ्या आणि सल्ला त्यांवरूनच द्या.