‘वर्तणूक’चा रकाना

दरवर्षी निकालानंतर शाळा सोडल्याचे दाखले लिहिताना ‘वर्तणूक’ या रकान्यापाशी आमचा हात थबकतो. बहुतेकांपुढे आम्ही ‘चांगली’ लिहितो. एखाद्या खोडकर मुलाचा दाखला आला, की विचार पडतो. हा एक शब्द त्याच्यामागे किती वर्षे जाईल?

अमेरिकेत या शब्दाने कित्येकांची रोजी अडवली आहे. तिथे वकिलीलाच नव्हे, तर केस कापायला आणि नर्स व्हायलाही सरकारी परवाना लागतो. अनेक परवान्यांसाठी ‘चांगले नैतिक चारित्र्य’ ही अट असे, काही ठिकाणी ती आजही आहे. चांगले म्हणजे काय, हे परवाना देणाऱ्या मंडळाने ठरवायचे.

रुडॉल्फ श्वेअर यांनी न्यू मेक्सिकोत कायद्याचे शिक्षण घेतले. 1954 मध्ये मंडळाने त्यांना वकिलीच्या परीक्षेला बसू दिले नाही. तरुणपणी ते कम्युनिस्ट पक्षात होते, त्यांना अटक झाली होती आणि त्यांनी खोटी नावे वापरली होती. नावे का बदलली? ते ज्यू होते. ज्यूंना कामावर न घेणाऱ्या ठिकाणी काम मिळावे, हे त्याचे एक कारण होते. 1957 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मंडळाचा नकार चुकीचा ठरवला. इतक्या जुन्या गोष्टींवरून आजचे चारित्र्य वाईट ठरत नाही, असा त्याचा आशय.

श्वेअर न्यायालयापर्यंत पोचले. पण तुरुंगातून सुटून न्हावीकाम शिकलेला मुलगा कुठे दाद मागणार? त्याला मिळालेला नकार फायलीतच राहायचा.

म्हणून कॅलिफोर्नियाने 2018 मध्ये केलेला कायदा आम्हाला मोलाचा वाटतो. तो 1 जुलै 2020 पासून लागू झाला. नुसत्या अटकेवरून परवाना नाकारता येत नाही. गंभीर गुन्हे वगळता सात वर्षांपूर्वीची शिक्षाही सहसा आड येत नाही. शिवाय मंडळांनी दरवर्षी अहवाल जाहीर करायचा: गुन्ह्याची नोंद असलेल्या किती अर्जदारांना नकार दिला, किती जणांनी सुधारल्याचे पुरावे दिले, किती जणांनी अपील केले, शेवटी काय झाले. अर्जदारांनी स्वतःहून सांगितले असेल, तर त्यांचा वंश आणि ते स्त्री की पुरुष हेही त्यात येते. नावे मात्र उघड करायची नाहीत. आकडे समोर आले, की एकाच समाजाच्या लोकांना वारंवार नकार मिळतो का, हे विचारता येते.

आपल्या घरीही रिश्त्याच्या चौकशीचा फोन येतो. “मुलगा कसा आहे?” आपण ऐकीव गोष्टीवर “ठीक नाही” म्हणून मोकळे होतो. त्या मुलाला ना कारण कळते, ना सफाई देता येते. खरी आणि गंभीर गोष्ट असेल तर जरूर सांगावी, पण कधीची आणि कुणी पाहिलेली, तेही सांगावे.

आम्ही यंदा ठरवले आहे. ‘चांगली’ सोडून दुसरे काही लिहायची वेळ आली, तर कारण आणि तारीख आधी मुलाच्या अम्मी-अब्बांसमोर वाचून दाखवायची, त्यांचे म्हणणे ऐकायचे, मगच लेखणी उचलायची.