विश्लेषण : जुन्या रॉक अल्बमची ‘वर्धापन आवृत्ती’ निघते, तेव्हा चाहत्यांना नेमके काय हवे असते?

एखादे जुने इंग्रजी रॉक गाणे मोबाइलवर शोधले, की ॲप एकाच गाण्याच्या तीन-चार आवृत्त्या समोर ठेवते. एकीपुढे ‘रीमास्टर्ड’, दुसरीपुढे ‘डिलक्स एडिशन’, तिसरीपुढे ‘फिफ्टिएथ ॲनिव्हर्सरी’. पन्नास वर्षांपूर्वी जी तबकडी दुकानात आली होती, तिचा मूळ आवाज मात्र अनेकदा या यादीत नसतोच. जालना, अंबड किंवा परतूरमधल्या श्रोत्यासाठी रेकॉर्डचे दुकान म्हणजे हातातला मोबाइल. कंपनीने जुने ध्वनिमुद्रण काढून तिथे नवे ठेवले, तर त्याच्यापुरते जुने गाणे संपले.

अल्बमला २५, ४० किंवा ५० वर्षे झाली, की कंपनीला तो पुन्हा विकण्याची संधी दिसते. ज्याने तो अल्बम कॅसेटवर, मग सीडीवर आणि आता ॲपवर ऐकला, त्याने चौथ्यांदा पैसे का मोजावेत? याचे सर्वात चांगले उत्तर १९७२ मध्ये मुंबईत ध्वनिमुद्रित झालेल्या दोन गाण्यांत सापडते. अशा आवृत्त्या कुठे कमी पडतात, तेही त्याच गाण्यांत दिसते.

मुंबईत काय घडले होते?

‘लेड झेपलिन’ या ब्रिटिश बँडचे गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट १९७२ मध्ये मुंबईत आले होते. कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या छोट्याशा डिस्कोथेकमध्ये त्यांनी स्थानिक वादकांसोबत वाजवले, हा किस्सा मुंबईचे जुने रॉकप्रेमी आजही रंगवून सांगतात. त्याच वर्षी दोघांनी मुंबईतल्या स्टुडिओत भारतीय वादकांना बोलावून आपली दोन गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली. एक ‘फ्रेंड्स’, १९७० च्या तिसऱ्या अल्बममधले. दुसरे ‘फोर स्टिक्स’, १९७१ च्या चौथ्या अल्बममधले. बँडचे ड्रमर जॉन बॉनम यांनी मूळ गाण्यात प्रत्येक हातात दोन, अशा चार काठ्या धरून ड्रम वाजवले होते, म्हणून हे नाव. मुंबईत तो ठेका हिंदुस्थानी तालवाद्यांकडे आला.

नंतर ही टेप बंद राहिली. चोरट्या प्रतींमधून, म्हणजे प्रतीच्या प्रतीवरून, ती जगभरच्या चाहत्यांत फिरत होती. आवाज घोगरा, मागे सतत खरखर. बँडचे सर्व अल्बम २०१४-१५ मध्ये पेज यांच्या देखरेखीखाली पुन्हा निघाले आणि २०१५ मध्ये ‘कोडा’ या अल्बमच्या नव्या आवृत्तीत मुंबईची दोन्ही गाणी प्रथमच अधिकृतपणे ऐकायला मिळाली. मधे ४३ वर्षे गेली होती.

चाहत्यांना हवे असते ते हे. नवे वेष्टन नव्हे, कपाटात राहिलेली गोष्ट. पिंक फ्लॉइडच्या चाहत्यांनाही असा एक सुखद धक्का मिळाला होता. त्यांच्या १९७५ च्या ‘विश यू वेअर हिअर’ या गाण्यात व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली यांनी वाजवले होते, पण ते ध्वनिमुद्रण पुसले गेले असे अनेक वर्षे मानले जाई. २०११ च्या आवृत्तीत ते चक्क प्रकाशित झाले.

मास्टर टेपचे एवढे महत्त्व का?

जालन्याच्या वाचकाला हे बियाण्यांच्या भाषेत लवकर कळेल. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे ‘महिको’ सुरू केली आणि या गावाची ओळख बियाण्यांशी जोडली गेली. पैदासकार बियाण्यापासून पायाभूत बियाणे, पायाभूतपासून प्रमाणित. शेतकऱ्याच्या पिशवीत येते ते या साखळीतले शेवटचे. गाण्याचेही तसेच आहे. गिटार, ड्रम, आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर घेतलेली मल्टिट्रॅक टेप; ती एकत्र करून बनवलेली मास्टर टेप; मास्टरवरून देशोदेशी पाठवलेल्या प्रती; त्या प्रतीवरून छापलेली रेकॉर्ड; आणि रेकॉर्डवरून कोपऱ्यावरच्या दुकानात भरून मिळणारी कॅसेट. टेपवरून टेप केली, की दर पिढीला खरखर वाढते आणि झांजेसारखे तार आवाज बोथट होतात. बियाण्यांच्या साखळीत शुद्धता तपासणारी यंत्रणा तरी असते. कॅसेट भरून देणाऱ्याकडे मागच्या गिऱ्हाइकाचे गाणे पुरते पुसले गेले तरी खूप.

म्हणून नवी आवृत्ती आली, की जाणकार चाहता पहिला प्रश्न विचारतो : हे कोणत्या टेपवरून केले? मूळ प्रत कोणती, हा प्रश्न जालना जिल्ह्याला नवा नाही. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांच्या ‘दासबोधा’चा पाठ ठरवताना अभ्यासकांनी कल्याणस्वामींच्या हातची डोमगावची प्रत प्रमाण धरली, ती ती मुळाच्या सर्वात जवळची म्हणून. चाहते करतात ते थोड्याफार फरकाने हेच, फक्त कानाने.

टेप कायम टिकत नाही, ही यातली घाई आहे. १९७० आणि ८० च्या दशकांतील बऱ्याच टेपवरचा चिकट थर हवेतला ओलावा शोषतो आणि टेप यंत्रात अडकू लागते. अशी टेप सुमारे ५० अंश सेल्सिअसला काही तास मंद तापवून मग वाजवतात आणि त्याच वेळी तिची डिजिटल प्रत करून घेतात. हॉलीवूडमध्ये युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात १ जून २००८ रोजी लागलेल्या आगीत मास्टर टेप जळाल्या. किती, यावर आजही वाद आहे. जळाल्याची जाहीर चर्चा मात्र २०१९ मध्ये, तब्बल अकरा वर्षांनी झाली.

रीमास्टर आणि रीमिक्स एकच का?

नाही, आणि चाहत्यांचा निम्मा अपेक्षाभंग या गोंधळातून होतो. लग्नातला ग्रुप फोटो घ्या. काढून झालेल्या फोटोची प्रकाशमात्रा, रंग कमी-जास्त करणे म्हणजे रीमास्टर. सगळ्यांना पुन्हा उभे करून, मागे दडलेल्या मावशींना पुढे आणून नवा फोटो काढणे म्हणजे रीमिक्स. पहिल्यासाठी मास्टर टेप पुरते. दुसऱ्यासाठी मल्टिट्रॅक टेप लागते.

मेटॅलिका या बँडच्या १९८८ च्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये अशा मावशी आहेत बासगिटारवादक जेसन न्यूस्टेड. आधीचे बासवादक क्लिफ बर्टन १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बस अपघातात गेले, त्यांच्या जागी न्यूस्टेड आले. बँडसोबतचा हा त्यांचा पहिला पूर्ण अल्बम, आणि त्यात त्यांचा बास जवळजवळ ऐकूच येत नाही. तीस वर्षे चाहते एकच मागणी करत होते : बास वाढवा. २०१८ मध्ये मोठी आवृत्ती निघाली ती रीमास्टर होऊन. बास होता तिथेच राहिला. जे तेव्हा जसे झाले ते तसेच राहू द्यावे, अशी बँडची भूमिका होती. मग कित्येक चाहत्यांनी घरच्या संगणकावर बास वाढवून आपापले ‘अँड जस्टिस फॉर जेसन’ तयार केले.

बँडचे म्हणणे पूर्ण चूक नाही. दडलेला बास हा त्या काळाचा दस्तऐवज आहे. पण एका पेटीत दोन्ही देता आले असते : जुने जसेच्या तसे आणि शेजारी नवे मिश्रण. बीटल्सच्या बाबतीत तसे झाले. ‘सार्जंट पेपर’ची पन्नाशी आली तेव्हा, २०१७ मध्ये, मूळ निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे पुत्र जाइल्स मार्टिन यांनी त्याचे नवे मिश्रण केले, जुनेही उपलब्ध राहिले. पुढे २०२२ मध्ये ‘रिव्हॉल्व्हर’ करताना तर एकाच पट्टीवर एकत्र मुद्रित झालेली वाद्ये संगणकाच्या मदतीने सुटी करण्यात आली.

नवे ध्वनिमुद्रण मोठे वाजते, म्हणजे चांगले का?

बहुतेक वेळा उलट. १९९० च्या दशकापासून सीडी एकमेकींपेक्षा मोठ्या वाजवण्याची चढाओढ लागली. मोठा आवाज कापून, लहान आवाज वर ओढून सगळे एका पातळीवर आणले, की पहिल्या दहा सेकंदांत गाणे जोरकस वाटते आणि चाळीस मिनिटांत कान थकतात. मेटॅलिकाच्याच २००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’वर चाहते यासाठी इतके चिडले, की त्यांनी सह्यांची मोहीम काढली, ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममधले तेच गाणे सीडीपेक्षा मोकळे वाजते, हे त्यांनी दाखवून दिले. कॅनडाच्या ‘रश’ बँडने अशी तक्रार मनावर घेतली. त्यांचा २००२ चा ‘व्हेपर ट्रेल्स’ २०१३ मध्ये नव्या मिश्रणासह पुन्हा आला.

आता स्पॉटिफायसारखी ॲप सर्व गाण्यांचा आवाज साधारण एकाच पातळीवर आणून वाजवतात. त्यामुळे ठोकून मोठे केलेले गाणे तिथे मोठे वाजतही नाही, फक्त सपाट वाजते. ‘हाय-रेझोल्यूशन’ या शब्दाचेही तसेच. साध्या ब्लूटूथ इअरबडपर्यंत पोहोचताना आवाज पुन्हा दाबला जातो, त्यामुळे २४ बिटच्या फाइलचा मोठेपणा वाटेतच संपतो. वायरचा बरा हेडफोन असेल तरच जास्तीचे पैसे किंवा डेटा त्यावर घालवण्यात अर्थ आहे.

पेटीत मग काय-काय येते? पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’च्या २०११ च्या महागड्या संचात स्कार्फ, कोस्टर आणि गोट्या होत्या. हो, खेळायच्या. २०२३ मध्ये त्याच अल्बमची पन्नाशी साजरी झाली तेव्हा १९७४ च्या वेम्बलीतील ज्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण पेटीत दिले, ते २०११ मध्येच येऊन गेले होते. चाहते कुरकुरले, ते त्यामुळेच.

नावे कुठे आहेत?

पुन्हा मुंबईच्या त्या दोन गाण्यांकडे. मोबाइलवर त्यांच्या शीर्षकापुढे एवढेच दिसते : ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’. पेज आणि प्लांट यांची नावे सगळ्या जगाला ठाऊक आहेत. ‘फोर स्टिक्स’चा तो अवघड ठेका ज्या हातांनी सांभाळला, त्यांना शीर्षकात सामूहिक नाव मिळाले. ४३ वर्षांनी टेप बाहेर येते तेव्हा एकेकाचे नाव गाण्यासोबत, त्याच पडद्यावर दिसणे, ही अपेक्षा जास्त नाही. उलट गोट्यांपेक्षा स्वस्तात होणारे काम आहे.

मुंबईच्या स्टुडिओतील वादकांच्या वाट्याला हे नेहमीच आले. हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर गायक, संगीतकार, गीतकार असत. व्हायोलिन, सॅक्सोफोन, गिटार वाजवणारे नसत. त्यांच्या मुलाखती घेऊन ग्रेगरी बूथ यांनी २००८ मध्ये ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक लिहिले, तेव्हा अनेक नावे पुढे आली. म्हणजे जे काम रेकॉर्डच्या पाकिटाने करायचे, ते एका परदेशी प्राध्यापकाला करावे लागले.

चरणजित सिंग हे त्यातलेच एक वादक. त्यांनी १९८२ मध्ये मुंबईत सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बांधून एक रेकॉर्ड काढली. तेव्हा ती फारशी कोणी घेतली नाही. नेदरलँड्सच्या एका संग्राहकाला ती दिल्लीत सापडली आणि २०१० मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा पाश्चात्त्य श्रोते चकित झाले : शिकागोत पुढे पाच वर्षांनी ज्याला ‘ॲसिड हाउस’ म्हटले गेले, तसे काहीतरी यात आधीच होते. २०१५ मध्ये निधन होण्याआधी सिंग यांना युरोपच्या मंचांवर ते वाजवता आले. पुनर्प्रकाशन वेळेत झाले तर काय होते, त्याचे हे उदाहरण. मुंबईच्या ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ या बँडचा एकमेव अल्बमही २०११ मध्ये अमेरिकेतल्या ‘नाऊ-अगेन’ने पुन्हा काढला. दोन्ही वेळा पुढाकार बाहेरच्यांचा होता, हे खटकते.

मराठीत ‘सुवर्णमहोत्सवी आवृत्ती’ पुस्तकाची निघते, अल्बमची ती प्रथा रुजली नाही. खरे तर मराठी घरातूनच एक दमदार रॉक गायक आला होता. आत्माराम भेंडे आणि डॉ. आशा भेंडे यांचे पुत्र नंदू भेंडे यांनी ॲलेक पदमसी यांच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये १९७४ साली जूडास रंगवला आणि १९७८ मध्ये जब्बार पटेल यांनी बसवलेल्या पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त ते गायले. २०१४ मध्ये ते गेले. ‘तमाशा’ २०२८ मध्ये पन्नाशीचा होईल. त्याची गाणी स्वच्छ आवाजात, प्रत्येक वादकाच्या नावासह आली, तर मराठीतली ती पहिली खरी वर्धापन आवृत्ती ठरू शकेल.

त्यासाठी टेप लागेल, आणि टेप नसेल तिथे कॅसेट. जालन्यात कोणाच्या माळ्यावर जुन्या नाटकाच्या किंवा बँडच्या कॅसेट असतील, तर पावसाळ्यात ओल धरलेली कॅसेट घाईने टेपरेकॉर्डरमध्ये घालू नये. पांढरी बुरशी दिसली तर जाणकाराकडून साफ करून घ्यावी. आणि वाजो न वाजो, आतल्या घडी घातलेल्या कागदाचा मोबाइलवर स्पष्ट फोटो आधी काढून ठेवावा. वादकांची नावे छापलीच असतील, तर ती तिथेच असतात, मागच्या बाजूला, अगदी बारीक अक्षरात.