विसाव्याचा हक्क आणि आपली चळवळ

दरवर्षी १४ एप्रिलच्या सुमारास महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत, वसतिगृहांत आणि बुद्धविहारांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. परमपूज्य बाबासाहेबांना वाहिलेली ती योग्य आदरांजली आहे, त्याविषयी दुमत नाही. परंतु या अठरा तासांचा एक चुकीचा अर्थ आपल्यात रुजू लागला आहे. जो सतत धावतो तोच खरा कार्यकर्ता आणि जो घटकाभर शांत बसतो तो आळशी, असे आपण मानू लागलो आहोत. विहारात कोणी अर्धा तास डोळे मिटून बसला तर ‘हा आता ध्यानवाला झाला, याचा संघर्ष संपला’ अशी कुजबुज सुरू होते. म्हणून विसाव्याकडे आंबेडकरी दृष्टीने पाहण्याची गरज आहे.

जातिव्यवस्थेने आपल्याकडून काय काय हिरावून घेतले हे सांगताना आपण पाणी, शिक्षण, जमीन यांचा उल्लेख करतो. विसाव्याचा करीत नाही. वास्तविक महार वतन म्हणजे काय होते? कामाचे तास नाहीत, सुट्टी नाही, कामाची यादीही ठरलेली नाही. गावचा सांगावा पोहोचवा, अधिकाऱ्याच्या घोड्यापुढे धावा, मेलेले ढोर ओढा, रात्री-अपरात्री हाक आली की उठा! १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडताना बाबासाहेबांनी नेमके यावरच बोट ठेवले. वतनदार महार चोवीस तास चाकरीला बांधलेला आहे आणि तो हजर नसेल तर त्याच्या घरातील माणसाला राबवले जाते, हे त्यांनी सभागृहाच्या निदर्शनास आणले. ज्या माणसाची रात्रसुद्धा त्याच्या मालकीची नाही त्याला गुलाम म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? ही वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

तेव्हा विसावा आपल्याला कोणी दान दिलेला नाही, तो लढून मिळवलेला आहे. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित करून लढा दिला, तेव्हा कुठे १८९० साली मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मिळाली. पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत कारखाना कायद्यात भरपगारी रजेची तरतूद झाली आणि १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. ज्या महामानवाने स्वतः रात्रीचा दिवस केला, त्याने कायदा मात्र कामगाराला झोप मिळावी म्हणून केला. अठरा तासांचा उपक्रम करताना ही दुसरी बाजूही तरुणांना सांगितली पाहिजे.

याच्यामागे बाबासाहेबांचा निश्चित विचार होता. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधाचा समाचार घेतला आहे. त्यांचा मुद्दा असा की, पोटासाठी राबण्यातच सारे आयुष्य गेले तर माणसाचे जिणे पशूसारखेच राहते. फुरसत असेल तरच माणूस वाचतो, विचार करतो, संस्कृती घडवतो. ही फुरसत सर्वांना मिळावी म्हणून यंत्रे हवीत. उच्चवर्णीयांना पिढ्यान्‌पिढ्या ही फुरसत होती, कारण त्यांच्या वाटचे कष्ट आपले पूर्वज उपसत होते! संविधानाच्या ४३ व्या अनुच्छेदात सर्व कामगारांना फुरसतीचा पूर्ण उपभोग घेता यावा यासाठी राज्याने झटावे, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्यासाठी थेट न्यायालयात जाता येत नाही हे खरे. पण कायदा करताना हे तत्त्व लागू करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे ३७ वा अनुच्छेदच सांगतो.

आज उलटा प्रवास सुरू आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कारखाना कायद्याची जागा श्रमसंहितेने घेतली. घंटागाडीवर, नालेसफाईवर, सुरक्षारक्षकाच्या खुर्चीवर कंत्राटी म्हणून कोण राबतो आहे हे सांगायला नको. तेथे खाडा म्हणजे पगारकपात. जो बारा तास उभा राहून घरी येतो, तो बाबासाहेबांचे ग्रंथ कधी वाचणार आणि बैठकीला कधी येणार?

आता ध्यानाचा प्रश्न. काही बांधवांचा आक्षेप असा की, डोळे मिटून बसल्याने अन्याय दिसेनासा होतो. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. भिक्खू हा केवळ स्वतःला परिपूर्ण करणारा की समाजाचा सेवक, हा प्रश्न बाबासाहेबांनीच ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत विचारला आहे. अत्याचाराची बातमी ऐकूनही ज्याची शांती ढळत नाही, त्याची शांती आपल्या कामाची नाही. परंतु सम्यक स्मृती आणि सम्यक समाधी ही अष्टांगिक मार्गाचीच अंगे आहेत, ती गाळून धम्म पुरा होत नाही. चालून चालून पाय रक्ताळलेल्या सोण भिक्खूला तथागतांनी वीणेचा दाखला दिला होता. तारा फार ताणल्या तरी सूर लागत नाही, फार सैल सोडल्या तरी लागत नाही. आपल्या अनेक कार्यकर्त्यांच्या तारा फार ताणलेल्या आहेत. चिडचिड, आपसातील भांडणे, व्यसन आणि चाळिशीतच जडलेला रक्तदाब यांची किंमत शेवटी चळवळच मोजते.

आणि आपल्या घरातील स्त्रीचे काय? रविवारी आपण सभेला जातो तेव्हा ती धुणी, दळण आणि पाहुण्यांचा चहा यांत असते. तिच्या आठवड्याला रविवारच नाही. समतेची भाषा बोलणाऱ्याने आधी आपल्या स्वयंपाकघरातील वतनदारी मोडली पाहिजे.

म्हणून तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. आपल्या कामगार संघटनांनी कंत्राटी कामगारांची भरपगारी साप्ताहिक सुट्टी ही मागणी पहिल्या क्रमांकावर घ्यावी. प्रत्येक विहाराने वंदनेनंतर अर्धा तास ध्वनिक्षेपक बंद ठेवून शांत बसण्यासाठी राखावा. आषाढ ते आश्विन या वर्षावासाच्या तीन महिन्यांत ग्रंथवाचन होते तेव्हा बाया खाली बसून ऐकतील आणि चहा पुरुष करतील, असा नियम करावा. पहिल्या गोष्टीसाठी सरकारशी लढावे लागेल. उरलेल्या दोन्हींना कोणाची परवानगी लागत नाही, त्या येत्या रविवारपासून सुरू करता येतील.

जयभीम!